काखेतली गाठ काजूच्या तेलाची की छातीतल्या गाठीची? सोनोग्राफीवर किती भरवसा ठेवायचा?

काजूवाली, वेंगुर्ले

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे काजूचे भाव आणि पावसाळ्यात गर मऊ पडू नयेत म्हणून काय करावं, एवढ्यावरच लिहिते. आज विषय वेगळा आहे आणि डोकं जाग्यावर नाही, तेव्हा मागे-पुढे झालं तर समजून घ्या.

माझी आई ६१ वर्षांची. आमच्या घरच्या लहानशा कारखान्यात अठरा वर्षं कटरवर बसते. टरफलाच्या तेलाने बोटं काळी, पेरांना कायम भेगा. कारखान्याच्या किल्ल्यांचा जुडगा अजूनही तिच्याच कमरेला असतो, माझ्याकडे देत नाही. जूनमध्ये आंघोळ करताना उजव्या स्तनात गाठ लागली तिला. महिनाभर कुणाला बोलली नाही. मला कळलं ते सुद्धा शेजारच्या काकूंकडून.

तालुक्याच्या गावी एका सेंटरवर मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी केली. रिपोर्ट: १.८ सेमीची गाठ, बायरॅड्स ५ (म्हणजे कॅन्सरचा दाट संशय), आणि खाली एका ओळीत 'काख: विशेष काही नाही'. मी आत आईजवळ उभी होते. तिचा हात वर करायला कुणी सांगितलंच नाही. प्रोब छातीवर फिरला, पाच-सात मिनिटांत 'उठा आजी' झालं. तेव्हा मला त्यातलं काही कळत नव्हतं, म्हणून काही वाटलंही नाही.

मग गाठीतून तुकडा काढला. कॅन्सर निघाला, ग्रेड २. रिसेप्टरचा रिपोर्ट, म्हणजे कॅन्सरच्या पेशींवर कोणते ग्राहक आहेत आणि कोणतं औषध लागू पडेल हे सांगणारा, तो यायचा आहे.

कोल्हापूरला सर्जनकडे गेलो. आंबोलीच्या घाटात धुकं, आईला गाडी लागते, त्यामुळे पोहोचेपर्यंत दोघी अर्धमेल्या. त्यांनी काख हाताने चाचपली, म्हणाले हाताला काही लागत नाही, तरीपण काखेची सोनोग्राफी परत करा. मी म्हटलं झालीय की, हा रिपोर्ट. त्यांनी तो बघून बाजूला ठेवला, बोलले काही नाहीत.

दुसऱ्या ठिकाणच्या मॅडमनी आईला उताणी झोपवून हात डोक्यामागे घ्यायला लावला आणि नुसत्या उजव्या काखेवर चांगली वीस मिनिटं घालवली. मग डावी काखही पाहिली. गळपट्टीच्या हाडाच्या वर-खालीही. रिपोर्ट जसाच्या तसा: उजव्या काखेत दोन संशयास्पद लसिका गाठी, पहिली पातळी. मोठी १.९ सेमी, कॉर्टेक्स ४.५ मिमी, एका बाजूला फुगीर, हायलम सरकलेला. डावी काख सामान्य. पुढे सल्ला: सोनोग्राफीखाली सुईची तपासणी.

आईचं म्हणणं, "काजूचा तेल लागता, हात फुटतत, त्येचीच गाठ ती. चवथ झाल्याशिवाय मी खयच जावचंय नाय." मला तिचं अगदीच खोटं वाटत नाही, कारण लहानपणी पायाला काटा लागून पिकला की माझ्या जांघेत गाठ यायची.

तर विचारायचं ते असं. सोनोग्राफीवरून पसरलाय हे कळतं का? दोन रिपोर्टांत इतका फरक कसा? १.९ सेमी म्हणजे छातीतल्या गाठीपेक्षा काखेतली मोठी, हे किती वाईट? आणि सुई टाकली की पसरतो म्हणतात, त्यात तथ्य किती?

प्रोबवाली, रत्नागिरी

ताई, मी बावीस वर्षं सोनोग्राफी करते. रिपोर्ट लिहिणाऱ्या मॅडमनी नीट काम केलंय, आधी एवढं ऐकून घ्या.

तुम्हाला समजेल अशा भाषेत सांगते. लसिका म्हणजे अंगातला पातळ पाझर, आणि तो गाळणारी ती लसिका गाठ, ती सगळ्यांनाच असते. काखेतली निरोगी लसिका गाठ पडद्यावर थेट काजूगरासारखी दिसते, तसाच बाक. बाहेरची कड काळसर आणि बारीक, ती कॉर्टेक्स. पोटाशी पांढरं शुभ्र, ती चरबी, तिथूनच रक्तवाहिनी आत शिरते, तो हायलम. आता रोग कुठून येतो? स्तनाकडून येणारा लसिकेचा प्रवाह गाठीत बाहेरच्या कडेने शिरतो, मधून नव्हे. म्हणून पेशी आधी त्या कडेत अडकतात, आणि तीही सगळीकडे सारखी नाही, एखाद्याच जागी फुगते. गर सोलताना एका अंगाला टेंगूळ असलेला दाणा हातात यावा, तसं. पुढे कड इतकी जाडावते की मधला पांढरा भाग ढकलला जातो, मग दिसेनासा होतो, आणि गाठ लांबटची गोल होते. कड ३ मिमीच्या वर गेली की आमचे कान टवकारतात. तुमच्या रिपोर्टात ४.५ आहे, एका बाजूला फुगीर आहे, हायलम सरकलाय. तीनही खुणा एकाच दिशेला बोट दाखवताहेत.

१.९ सेमी या आकड्याची मात्र धास्ती घेऊ नका. लांबीवर मी फारशी जात नाही. जाडजूड बाईच्या काखेत तीन सेमीची गाठ असते आणि ती नव्वद टक्के चरबीच असते, काडीचाही रोग नसतो. उलट आठ मिमीची गोल काळी गाठ मला जास्त सतावते.

हाताच्या भेगांचं म्हणाल तर आईंची शंका शहाणी आहे. हाताला जंतुसंसर्ग झाला की त्या बाजूच्या काखेतल्या गाठी खरोखर सुजतात. कोविडची लस ज्या दंडात टोचली त्या काखेत कित्येकींना गाठी आल्या होत्या, आम्ही महिनोनमहिने तेच बघत होतो. पण तशी सूज कडेला सगळीकडून सारखी असते आणि मधला पांढरा भाग शाबूत राहतो. एक गोष्ट विचारते: कटरवर तेल कुठल्या हाताला जास्त लागतं?

पहिल्या रिपोर्टबद्दल: हात वर केल्याशिवाय काख दिसतच नाही, स्नायूंच्या घडीत सगळं लपतं. 'विशेष काही नाही' याचा अर्थ 'पाहिलं आणि काही नव्हतं' असा असायला हवा. पुष्कळदा तो 'पाहिलंच नाही' असा असतो. आमच्याच धंद्याचं उणं आहे, काय लपवायचं. सोनोग्राफीत मशीनपेक्षा मशीन धरणाऱ्या हाताला किंमत.

आणि मुख्य प्रश्न. सोनोग्राफीवरून पसरलाय हे ठरत नाही, संशय ठरतो. ठरवते ती सुई. पडद्यावर बघत बघत सुई थेट त्या फुगीर कडेत नेता येते, सोनोग्राफीचा खरा उपयोग तो.

काजूवाली

मॅडम, तुमचा प्रश्न वाचून मी उठून कारखान्यात जाऊन कटरसमोर उभी राहिले. काजू डाव्या हाताने पात्यात धरतात, उजवा हात दांड्यावर असतो. म्हणजे तेल डाव्या हाताला. आईच्या भेगा पण डाव्याच हाताला जास्त. आणि डावी काख सामान्य आहे.

आईला अजून सांगितलं नाही.

भाऊ, देवगड

सुई अजिबात टाकू नका. गाठीला डिवचलं की ती चवताळते, हे आमच्याकडे जुनी माणसं सांगत आलीत. माझ्या मेव्हण्याला सुई टाकली आणि चार महिन्यांत आटोपलं. त्यापेक्षा सरळ पेट स्कॅन करा, अख्ख्या अंगाचं एकदम कळतं. पैसा गेला तर गेला.

निळी शाई, मालवण

भाऊ, मेव्हण्याचं वाईट वाटलं, पण सुईने ते झालं नसणार. सुई टाकली तेव्हाच रोग खूप पुढे असेल. मलाही माझ्या सासूबाईंनी हेच सांगून पंधरा दिवस अडवलं होतं.

ताई, माझं सांगते. ५२ वर्षांची आहे, चार वर्षं झाली ऑपरेशनला. माझी काखेची सोनोग्राफी स्वच्छ होती. नीट केलेली, हात वर करून. त्यामुळे काखेत सुई टाकायचा प्रश्नच आला नाही. ऑपरेशनच्या वेळी निळा रंग टोचून पहिली गाठ शोधतात ना, सेंटिनेल म्हणतात तिला, ती काढून तिथल्या तिथे तपासली, तर तिच्यात निघाला. मग सगळी काख साफ केली. सतरा गाठी काढल्या आणि रोग फक्त त्या एकीत. म्हणजे सोनोग्राफी स्वच्छ आली तरी पेढे वाटू नयेत.

रंगाची गंमत म्हणजे दुसऱ्या दिवशी लघवी हिरवी-निळी झाली. मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, मी बाथरूममधून ओरडलेच. नर्स हसायला लागली. छातीवरचा निळा डाग तर शिमग्यापर्यंत होता. म्हणून हे नाव घेतलंय.

सतरा गाठी काढल्याचा भुर्दंड हात भरतो आहे. डावा दंड उजव्यापेक्षा जाड राहतो. घट्ट बाही घालायची असते, आणि मालवणात मे महिन्यात ती बाही घालून बघा एकदा. घामोळं, खाज, संध्याकाळी काढली की हातावर शिवणीचे वळ. मी अर्धा दिवस घालते, अर्धा दिवस डॉक्टरांची बोलणी खाते. मासे साफ करताना हातमोजा घालते, कारण बांगड्याचा काटा टोचून एकदा हात लाल होऊन सुजला आणि ताप भरला. तेव्हा काखेत किती गाठी काढायच्या हे आधीच नीट ठरत असेल, तर त्या सुईला घाबरू नका. आईंचे हात भेगांचे आहेत, त्यांना तर हे सगळ्यात महत्त्वाचं.

सुईचं दुखणं म्हणाल तर माझ्या छातीतल्या गाठीत टाकली होती. बधिर करायचं इंजेक्शन चुणचुणतं, त्यानंतर नुसता दाब. आवाज मात्र येतो, स्टेपलरसारखा टक्. आईंना आधी सांगून ठेवा, नाहीतर दचकतात.

कणकवलीचा, सध्या परळ

कॅन्सर सर्जरीचा विद्यार्थी आहे, ड्यूटीवरून लिहितोय, त्रोटक होईल.

भाऊंसाठी: काखेतल्या एवढ्याशा प्रश्नाला पेट हे उत्तर नाही. काही मिलिमीटरचा रोग त्यात सुटू शकतो, आणि नुसती सुजलेली गाठही उजळून दिसू शकते. म्हणजे पेट करूनही शेवटी सुईच. रोग पुढच्या टप्प्यावर असेल तेव्हा पेटचा उपयोग आहेच, कुठे वापरायचं एवढंच. सुईने निकाल बिघडतो असं दिसलेलं नाही.

निळी शाई ताईंनी सांगितलं ते आकड्यांतही दिसतं. साउंड नावाचा एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, इटली आणि आणखी काही देशांतला, १,४०५ बायका. सगळ्यांची गाठ २ सेमीपर्यंतची आणि काखेची सोनोग्राफी स्वच्छ. अर्ध्यांची सेंटिनेल गाठ काढली, अर्ध्यांच्या काखेला हातच लावला नाही. ज्यांची काढली त्यांच्यातल्या १३.७ टक्के बायकांमध्ये सोनोग्राफीला न दिसलेला रोग निघाला. तरीही पाच वर्षांनी शरीरात दूर कुठे रोग न पसरता असलेल्यांचं प्रमाण एका गटात ९७.७ आणि दुसऱ्यात ९८.० टक्के. फरक नाहीच म्हणा. म्हणजे सोनोग्राफी जे चुकवते ते बहुतेक वेळा थोडकं असतं, आणि पुढची औषधं व रेडिएशन ते सांभाळून घेतात. २०२४ च्या शेवटी आलेल्या इन्सेमा या जर्मनीतल्या मोठ्या अभ्यासाचा कलही तसाच. दोन्हीकडे स्तन वाचवून केलेलं ऑपरेशन होतं, स्तन पूर्ण काढलेल्यांना हे जसंच्या तसं लागू करता येत नाही.

काजूवाली ताई, हे तुमच्या आईंना लागू नाही, कारण त्यांची सोनोग्राफी स्वच्छ नाही. मुद्दाम लिहिलं, नाहीतर कुणीतरी व्हॉट्सॲपवर 'काखेला हात लावू देऊ नका' असं पाठवेल आणि गोंधळ होईल.

सुई चवथीच्या आधी टाकून घ्या. पाऊण तासाचं काम आहे, रात्री घरी. त्या रक्त पातळ करायची गोळी घेत असतील तर आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका. सुईत रोग निघाला आणि रिसेप्टरच्या रिपोर्टात हर-टू पॉझिटिव्ह (पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन जास्त) किंवा ट्रिपल निगेटिव्ह (हर-टू आणि दोन्ही हार्मोन ग्राहक, तिन्ही नाहीत) आलं, तर बहुधा आधी केमो आणि नंतर ऑपरेशन असा क्रम लागेल. तसं झालं तर त्या गाठीत क्लिप टाकायला सांगा. हे विसरू नका.

प्रोबवाली, रत्नागिरी

क्लिपचं मी सांगते, तो गडबडीत पुढे गेला. केमोने गाठ बरी झाली तर ती पुन्हा काजूगरासारखी दिसायला लागते, आणि मग रोग कुठल्या गाठीत होता हे ओळखणार कसं? म्हणून तिळाएवढी धातूची खूण तिच्यात सोडतात. केमोनंतर सेंटिनेलसोबत ती खुणेची गाठही काढून तपासली की चुकायचा धोका खूप घटतो. ती स्वच्छ निघाली तर पुष्कळदा उरलेली काख साफ करावी लागत नाही.

आमच्याकडे जिल्ह्याच्या ठिकाणी क्लिप नेहमी नसते, मागवावी लागते. फोन करून विचारूनच निघा, आंबोलीचा घाट दोनदा करायला नको. मशीन घेऊन आम्हीच तुमच्याकडे का येत नाही असं लोक विचारतात. गर्भलिंग निदानाच्या १९९४ च्या कायद्यामुळे सोनोग्राफीचं मशीन नोंदणीच्या जागेवरून सहज हलवता येत नाही. कायदा हवाच, पण कोकणातल्या बायकांना त्यापायी एसटीचे धक्के खावे लागतात हेही खरंच.

काजूवाली *(सोळा दिवसांनी)*

सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं. सुई झाली, चवथीच्या आधी. आईला कसं तयार केलं ते सांगते. कटरसमोर बसवलं आणि म्हटलं, चार काजू फोडून दाखव. फोडले तिने. मग तिचे दोन्ही हात तिच्याच मांडीवर उताणे ठेवले आणि म्हटलं, तेल खंयच्या हाताक, आणि गाठ खंयच्या बाजूक? बराच वेळ हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "कधी जावचा?"

टक् आवाजाचं आधी सांगितलं होतं, तरी दचकलीच. मॅडमनी तीन तुकडे घेतले, मोठ्या गाठीतून. पडद्यावर मला दाखवलं, सुई म्हणजे पांढरी रेघ, ती बरोब्बर त्या टेंगळात शिरली. तुम्ही वर लिहिलं होतं म्हणून मला ते टेंगूळ ओळखता आलं. क्लिप त्यांनी मागवून ठेवली होती, तीही तेव्हाच टाकली.

रिपोर्ट: गाठीत रोग आहे. हर-टू पॉझिटिव्ह. छाती-पोटाचे स्कॅन झाले, बाकी कुठे काही नाही. आधी केमो आणि हर-टूचं इंजेक्शन, मग ऑपरेशन. महात्मा फुले योजनेचे कागद सुरू केलेत, रेशनकार्डावर आईचं नाव एक आणि आधारवर दुसरं, त्यात चार दिवस गेले. पहिली केमो गौरी-गणपती उठले की लगेच.

आईचा आता एकच प्रश्न आहे. पहिल्या केमोआधी तिला अंबाबाईचं दर्शन घ्यायचंय. देवळाच्या दारात ती मशीनची कमान असते ना, "ती आतली तार वाजतली काय गो?" मी विचारते म्हटलं.

प्रोबवाली, रत्नागिरी

नाही वाजणार, तिळाएवढीच असते. क्लिपचं कार्ड दिलं असेल ते फाइलमध्ये ठेवा, पुढे एमआरआय करायची वेळ आली तर दाखवावं लागेल.

कमरेच्या किल्ल्या मात्र वाजतील. त्या तुमच्याकडे द्यायला सांगा.

काजूवाली

विचारलं. त्या देत नाही म्हणाली. वाजल्या तर वाजू दे.